समोरच्या दारातले भरमूअण्णा

भरमूअण्णा गेले त्या दिवशी सकाळी मी त्यांच्याशी वांग्यांवरून भांडले होते. भांडण नेहमीचंच. आठवड्याच्या बाजाराला गेले की न सांगता माझ्या खाणावळीसाठी टोपलीभर वांगी आणायचे आणि ती हमखास जून निघायची. मी यादी देऊन माणूस पाठवलेला असायचा, वांगी यादीत नसायची, आणि तरीही ही टोपली माझ्या दारात येऊन पडायची. "अण्णा, ह्यात नुसत्या बियाच आहेत," मी म्हटलं. "बी हाय म्हंजे जीव हाय, आक्का. भरून करा, लई ग्वाड लागतंय," म्हणाले आणि फावडं खांद्यावर टाकून तालमीकडे गेले. दुपारी पहिली पंगत बसली होती. तालमीतला थोरला पठ्ठा सिद्राम दारात येऊन उभा राहिला. गुडघ्यापर्यंत तांबडी माती. मी म्हटलं, पाय धुऊन आत ये. तो हलेना.

"आक्का, वस्ताद उठंनात."

"उठंनात म्हणजे?"

"हौद्यातली माती खणत हुतं. कळ आली म्हणाले, बसलं... उठंनातच."

पुढचं मला तालमीत गेल्यावर कळलं, आणि इतके आठवडे झाले तरी ते डोळ्यांसमोरून जात नाही. छातीत कळ आली म्हटल्यावर पोरांना वाटलं, खणताना चमक भरली. तालमीत दुसरं काही होतच नसतं. चमक भरते, लचक भरते, खांदा निखळतो. त्यावरचा उपाय त्यांना अण्णांनीच शिकवलेला. म्हणून त्यांनी अण्णांना मातीवर पालथं निजवलं, तेल कोमट केलं आणि पाठ चोळायला बसले. जीव लावून चोळली. अंग गार लागलं तेव्हा तेल थोडं कमी कढत आहे असं वाटून वाटी पुन्हा चुलीवर ठेवली. सिद्राम माझ्या आधी परत धावला होता; मी डॉक्टरांना घेऊन पोचले तरी त्याचे आणि दुसऱ्या पोराचे हात चाललेलेच होते. डॉक्टर खाली वाकले, मनगट धरलं, आणि म्हणाले, "थांबा आता." ते थांबले नाहीत. सिद्राम म्हणाला, "सुटंल की, सायेब. कवातरी सुटतीच चमक." मी त्या पोरांना बोल लावत नाही. हत्तीच्या अंगाच्या माणसाला मरण येऊ शकतं, हे मलाही कुठं ठाऊक होतं? सकाळी वांग्यांवरून भांडून गेलेला माणूस दुपारी... नाही, हे वाक्य मला अजून पुरं करता येत नाही.

इथल्या साप्ताहिकाचे संपादक माझ्या खाणावळीत जेवतात. पुरवणीसाठी लिहा म्हणाले. मी म्हटलं, कुस्तीतलं मला कळत नाही. कुठला डाव कुठं पडला हे सांगणारी माणसं निपाणीपासून बेळगावपर्यंत गावोगाव आहेत. ते म्हणाले, डाव नकोत, शेजार लिहा. शेजार मला सांगता येईल. आमच्या तंबाखूच्या वखारीमागच्या गल्लीत त्यांचं दार आणि माझं दार समोरासमोर. मधे दोन बैल जेमतेम जातील एवढी वाट. माझ्या चुलीपाशी बसलं तरी त्यांच्या घरातलं खोकणं ऐकू यायचं.

नामांकित पैलवानाच्या समोर राहणं म्हणजे बारा महिने जत्रेत राहण्यासारखं आहे. चिकोडी, संकेश्वर, गडहिंग्लजकडून बाजाराला आलेली माणसं आधी आमच्या गल्लीत यायची, मग बाजारात जायची. बायका सर्दीनं बेजार झालेली तान्ही पोरं आणून अण्णांच्या मांडीवर ठेवायच्या; पैलवानाच्या हाताचा गुण येतो म्हणे. ते बिचारे अवघडून बसायचे, पोर ओरडेल म्हणून श्वासही बेतानं घ्यायचे. एकदा कागलाकडची चार माणसं मुद्दाम गाडी जुंपून पैलवान बघायला आली. अण्णा कट्ट्यावर सूप घेऊन तांदूळ निवडत बसले होते. त्यांच्या बायकोला, सुंदराला, जवळचं नीट दिसत नसे, म्हणून हे काम त्यांच्याकडे. आलेल्यांतल्या म्हाताऱ्याचं तोंड उतरलं. "ह्योच व्हय पैलवान?" त्यानं मला विचारलं. मी काही बोलायच्या आत अण्णाच म्हणाले, "व्हय बाबा, ह्योच. आज जोड तांदळासंगट लागलीया. खडं लई चिवट हाईत." म्हातारा बसून राहिला आणि जाताना निम्मं सूप निवडून गेला.

त्यांना भीती एकाच गोष्टीची. सुईची. देवी टोचणारा सरकारी माणूस गल्लीच्या तोंडाशी दिसला की अण्णा माझ्या मागच्या खोलीत, जोंधळ्याच्या कणगीआड. अंग कणगीपेक्षा मोठं, लपणार कुठं? तरी दम धरून उभे. "आक्का, गेला का त्यो?" मी मुद्दाम म्हणायची, "नाही, चहा घेतोय." मग कणगीआडून कण्हल्याचा आवाज. ज्यानं पंजाबच्या मल्लाला आस्मान दाखवलं, ज्याचं नाव ऐकून कोल्हापुरात तिकिटं संपायची, तो माझ्या जोंधळ्याच्या धुळीत शिंकत उभा असायचा. ही गोष्ट आजवर मी कुणाला सांगितली नव्हती. आता सांगायला हरकत नाही, असं म्हणताना हात थांबतो. हरकत घ्यायला ते समोर हवे होते.

आता घागरीची गोष्ट. तीच सांगण्यासाठी खरं तर मी लिहायला बसले.

अण्णा मैदानाला निघाले की भरल्या घागरीनं सुवासिनी समोरून यायची, हा आमच्या गल्लीचा शिरस्ता. ते घागरीत पैसा टाकायचे, पाण्याला बोट लावून डोळ्याला लावायचे आणि नाक्याकडे चालू लागायचे. सुरुवातीला सगळ्याच बायका एकदम घागरी घेऊन यायच्या. घागरीवर घागर आपटायची, पाणी सांडायचं, भांडणं व्हायची. मला असला गोंधळ बघवत नाही. मी घरांचा क्रम लावून दिला: या मैदानाला हे घर, पुढच्या मैदानाला पुढचं. तो क्रम सगळ्यांनी मान्य केला आणि बरीच वर्षं नीट चालला. माझं घरही त्यात होतं.

मग माझे यजमान वारले. तंबाखूच्या पेढीवर कारकून होते. तापाचं निमित्त झालं. माझी तेव्हा ऐन तिशी. रडायला वेळ मिळाला नाही, कारण पोटाची सोय करायची होती. वखारींत परगावचे व्यापारी यायचे, त्यांच्या जेवणाची आबाळ व्हायची, म्हणून मी खाणावळ घातली. ती चाललीही. पण समोरच्या दारानं जाणं मी बंद केलं. कुणाच्या चांगल्या कामाला निघताना मोकळ्या कपाळाची बाई आडवी आली तर काय बोलतात हे मला ठाऊक होतं. ते कानांवर येऊ देण्यापेक्षा आपणच परसदारानं गेलेलं बरं, असा माझा हिशेब. पाण्याला, बाजाराला, देवळाला, सगळीकडे परसातून. स्वतःच्या घराचा उंबरा मला परका झाला होता, एवढंच. माणसं जेवायला समोरून येत, मी मागून.

त्यातच कोल्हापूरचं मोठं मैदान लागलं. क्रमानं घागर माझ्या घराची होती. मी आपलं नाव वगळून पुढच्या घरी, यल्लाप्पाच्या बायकोला निरोप दिला. सकाळी ती नटूनथटून घागर घेऊन उभी राहिली. मी आत भाजी चिरत होते. बराच वेळ झाला तरी अण्णांना नाक्यापर्यंत पोचवणारी हलगी पुढे सरकेना. मग माझ्या दारात अंधार झाला. अण्णाच उभे होते, डोक्याला फेटा, खांद्याला शाल.

"आक्का, आजची घागर तुमची."

"माझं घर वगळलंय मी. क्रम पुढं सरकलाय."

"कुणाला इचारून?"

"विचारायचं काय त्यात? रीत आहे."

"रीत भरल्या घागरीची हाय. तुमच्या रांजणात पाणी न्हाय व्हय?"

मागून गंगूकाकींचा आवाज आला. त्या आमच्या गल्लीतल्या वयानं सगळ्यांत मोठ्या, आणि तोंडानंही. "अरं भरमा, याड लागलंया काय तुला? मैदानाला निघालाईस का मयताला?" अण्णांनी वळूनही बघितलं नाही. ते माझ्या कट्ट्यावर बसले. नुसते बसले. नाक्यावरून कोल्हापूरच्या सर्व्हिस मोटारीचा भोंगा वाजला. एकदा वाजला, पुन्हा वाजला.  ती मोटार चुकली असती तर पैलवान भ्याला अशी बोंब सगळ्या मुलखात झाली असती, आणि तिला कारण माझं घर. मी विळी बाजूला केली, घागर भरली आणि समोरच्या दारानं बाहेर आले.  अण्णांनी पैसा टाकला, बोट लावलं आणि पळतच नाका गाठला.

ती कुस्ती ते हरले.

हरले ते साधंसुधं नाही. खांदा उतरला, पाठीवर चीतपट पडले, आणि बातमी त्यांच्या आधी गल्लीत पोचली. मला कुणी काही म्हणालं नाही. नुसत्या खिडक्या लागल्या. माझ्या पंगतीतली दोन-तीन पानं कमी झाली. गंगूकाकी दारात उभ्या राहून आपल्याच सुनेला मोठ्यानं म्हणाल्या, "काही माणसांस्नी आपली पायरी कळाय पायजे, बाई." आणि तिन्हीसांजेला सुंदरा माझ्या परसात आली. पदरानं डोळे पुशीत म्हणाली, "आक्का, तुमच्याबद्दल काय न्हाय माझ्या मनात. पर माझ्याजवळ एवढा एकच माणूस हाय. त्यास्नी कळू न देता फुडच्या खेपंला आतच ऱ्हावा." तिला मूलबाळ नव्हतं. तिचं म्हणणं मला पटलं. मी बरं म्हणाले.

चार दिवसांनी अण्णा खांद्याला फडकं बांधून आले. मी पाट दिला. ते खाली बघून म्हणाले, "गल्लीत काय बोलत्यात ते आलंय माझ्या कानावं. एक सांगतो, आक्का. घागर भरल्यालीच हुती. माझ्या कंबरंतच जोर न्हवता. म्हैनाभर वाऱ्यानं धरलीया, कुणाला बोललो न्हाय." मग पानाकडे बघून म्हणाले, "आमटी पातळ झालीया आज." मी त्यांना आणखी वाढली. त्या दिवशी आमटी खरोखरच पातळ होती. पुढं असंच होत राहिलं असतं तर खाणावळ बुडाली असती.

खांदा बरा व्हायला पावसाळा गेला. मग त्याच मल्लाशी पुन्हा कुस्ती ठरली. मी सुंदराला शब्द दिला होता, म्हणून आतून कडी लावून बसले. हलगी वाजली आणि थांबली. मी कान देऊन होते. अण्णा आपल्याच दारात उभे राहून म्हणाले, "आक्काची घागर न्हाय का? कुस्ती तीच, घागर बी तीच." कुणी बोलेना. तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "बरं. सुंदरा, भाकरी वाढ." फेटा काढून खुंटीला लावला आणि खरंच पाटावर जाऊन बसले. बाहेर मोटारीचा भोंगा. यल्लाप्पा म्हणाला, "अण्णा, मोटार सुटतीया!" आतून आवाज, "सुटूदे. कांदा फोड गं जरा." मग माझ्या दारावर दोन्ही हातांनी धबाधबा आवाज झाला. सुंदरा होती. रडत होती का चिडली होती, कळत नव्हतं. "या बाई भायेर, पाया पडते! न्हायतर ह्यो माणूस जेवून झोपतोय बघा!"

मी घागर घेऊन बाहेर आले तेव्हा गंगूकाकींना हसू आवरलं नव्हतं, हे मी नीट पाहिलं आहे.

ती कुस्ती दिवस मावळेपर्यंत चालली आणि बरोबरीत सुटली. गल्लीची मोठी पंचाईत झाली. शकुन लाभला म्हणावं का बाधला? कट्ट्यावर दोन दिवस वाद चालला. यल्लाप्पा म्हणाला, "घागर निम्मी भरली असंल." अण्णा म्हणाले, "मग निम्मी कुस्ती तुझ्या बायकूनं सांडली. आदल्या खेपंला तीच घिऊन हुबी हुती की!" त्या हसण्यात तो वाद संपला तो संपलाच. नंतर ते जिंकले, हरले, वय झाल्यावर कुस्तीची लांग सोडून वस्ताद झाले, पण घरांचा क्रम पहिल्यासारखा चालू राहिला आणि माझं घर त्यात राहिलं. मी समोरच्या दारानं जाऊ लागले. वखारीचे शेठ कोर्टाच्या कामाला निघालेले असले तरी मला बघून थांबत नाहीत, वळत नाहीत. "बाई, रातच्याला वरण-भात ठेवा," म्हणून पुढे जातात. हे कुणी ठरवलं नाही, कुणी भाषण केलं नाही. एक माणूस दोनदा खाली बसला, एवढंच घडलं.

म्हणून त्यांना नेलं त्या संध्याकाळी मी माझ्या दारात, समोर, उभी होते. खेड्यापाड्यांतून आलेल्या माणसांनी गल्ली भरली होती. रॉकेलची टंचाई असूनही लोकांनी घराघरातून कंदील आणले होते. मला आत जा असं कुणी म्हटलं नाही. आणि मला त्या गर्दीत धक्का बसल्यासारखं एकच जाणवलं, की समोरचं दार मिटलं आहे. सुंदरा दारात नव्हती. तिला आतल्या खोलीत नेऊन बसवलं होतं.

दिवस झाले, पाहुणे गेले. सुंदरा परसदारानं पाण्याला जाऊ लागली. कुणी सांगितलं नव्हतं. मलाही तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. एके दुपारी मी तिच्याकडे गेले. आतल्या खोलीत ती भिंतीला टेकून बसली होती. दोरीवर अण्णांचा सदरा वाळत होता. त्यांच्यामागे तिनं तो धुतला होता, की धुतलेला तसाच राहिला होता, मी विचारलं नाही. त्याच्या बाह्यांनी सगळी खिडकी झाकली गेली होती.  मग तिनं विचारलं, "आक्का, पैल्या खेपंला तुम्ही घागर घिऊन आलासा, ते कशापायी? त्येंच्यासाठी का सोतासाठी?"

मी खरं तेच सांगितलं. "मोटार चुकली असती."

ती हसली. अण्णा गेल्यावर पहिल्यांदा. हसता हसता म्हणाली, "आता कुणाची मोटार चुकतीया?"

 मी घरी आले. दुसऱ्या दिवशीची बाजाराची यादी लिहायला बसले आणि कोऱ्या कागदाकडे बघत राहिले... माझ्या बाबतीत असं कधी घडत नाही.

काल सकाळी मी पिशवी घेऊन तिच्या समोरच्या दारात उभी राहिले. "सुंदरा, चल. बाजार आहे. वांगी बघून घ्यायची आहेत."

आतून आवाज आला, "फुडं व्हा. मी परसातनं येते."

"परसातून मी जात नाही. इकडून ये."

"आक्का, लोक हाईत वाटंवर."

"असू देत."

ती आली नाही. मी त्यांच्या कट्ट्यावर बसले. नुसती बसले. चुलीवर डाळ टाकून आले होते, पंगतीची वेळ जवळ येत होती, शेठचा माणूस दोनदा येऊन बघून गेला. गंगूकाकी आता फार थकल्या आहेत, पलीकडून त्यांनी विचारलं, "काय गं, काय करतीस थितं?" मी म्हटलं, "सुंदराची वाट बघतेय."  थोड्या वेळानं काठी टेकत आल्या आणि माझ्या शेजारी बसल्या.

डाळ करपल्याचा वास आला तेव्हा आत कडी वाजली.

भरमूअण्णांच्या घराची चौकट बुटकी आहे. त्यांना तिच्यातून बाहेर पडताना कंबरेत वाकावं लागायचं, आणि लग्नापासून सुंदरा त्यांच्या पाठीमागून, त्यांची वाकलेली पाठ बघत, त्या दारानं जात आली. ती स्वतः माझ्या खांद्याला लागते. चौकट तिच्या डोक्याच्या कितीतरी वर. काल ती एकटीच त्या दारात आली, पिशवी हातात, आणि बाहेर पाऊल टाकताना खाली वाकली.